नटवलेला ओढा

माझं माहेर म्हणजे फलटणच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला एक धनगरवस्ती. वस्तीला नळ नाही आणि उन्हाळ्यात टँकर तिथवर चढत नाही. आहे तो एक ओढा. डोंगरातल्या झऱ्यातून निघतो, मे महिन्यात करंगळीएवढा होतो, पण थांबत नाही. त्याच्या जिवावर माझी आई अजून तिथं एकटी चूल मांडून राहते. वडील गेले तेव्हापासून मी तिला साताऱ्याला बोलावते आहे. माझं घर दोन खोल्यांचं, नवरा फौजेतून सुटून एमआयडीसीत वॉचमन. तरी एका म्हातारीला जागा झाली असती. पण तिचं उत्तर ठरलेलं. "तुज्या नळाला पानी येतंय कवा, जातंय कवा. माजा वडा हाय की हितं."

त्याच डोंगरावर आता दगडखाण व्हायची आहे. सुरुंग लागणार, खडी फोडायची मशिनं बसणार. झरा ज्या खडकातून येतो तोच फुटणार, हे सांगायला कुणी तज्ज्ञ नको. पण परवानगी मिळण्याआधी ओढ्याचं पाणी मोजायचं आणि तपासायचं, असा नियम आहे. बारमाही ओढा म्हणून नोंद झाली तर खाणवाल्यांना जड जाईल, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. म्हणजे आमच्या हातात एवढं एकच होतं, आणि त्याचीही आमच्याच लोकांनी माती केली.

मोजणीवाले येणार असा निरोप आला आणि वस्तीतच वेगळं बिऱ्हाड असलेल्या माझ्या थोरल्या भावाच्या अंगात आलं. दादाचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या उत्साहाला कुणी लगाम घालू शकत नाही. त्यानं वस्ती गोळा केली. पाहुणे येणार तर ओढा भरलेला दिसला पाहिजे, असं ठरलं. मुलगी दाखवायची असली की शेजारणीची भारी साडी मागून आणतात ना, तसलाच प्रकार. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून ओढ्यात आडव्या लावल्या, फटी चिखलानं लिंपल्या. थेंब खाली जाऊ दिला नाही. वर डोह तुंबला. भर उन्हाळ्यात एवढं पाणी बघून म्हणे बायकांनी हळदकुंकू वाहिलं.

नेमकी कातरणी जवळ आली होती. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागतात, आणि एरवी त्यासाठी ती पार खालच्या तलावावर हाकत न्यावी लागतात. आता दारातच डोह भरलेला. मग काय, वस्तीतल्यांनी आपली मेंढरं आत घातली, शेजारच्या वस्तीवरच्या पाहुण्यांनीही घातली. नको कुणी म्हणायचं? पाहुण्याला पाणी नाही म्हणायची आमच्यात रीतच नाही. मी कातरणीला म्हणून गेले तर पाण्यावर लोकरीचे पुंजके आणि लेंड्या तरंगत होत्या. आणि त्याच दुपारी मोजणीवाल्यांची जीप आली.

एक मुलगा आणि एक मुलगी होती. दोघं बिचारी सभ्य. दादानं त्यांना टोपी-उपरणं केलं, चहा पाजला, आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्यांच्या बाटल्या स्वतःच्या हातानं भरून दिल्या. मग ती दोघं खाली रस्त्याच्या पुलापाशी गेली, कारण प्रवाह मोजायची जागा त्यांच्या नकाशात तिथं होती. पुलाखाली नुसते गोटे. "इथं पाणी नसतं का?" असं त्यांनी विचारलं, तर सोबत गेलेला आमचा एक चुलता अभिमानानं म्हणाला, "हितं कुठलं? पानी समदं वर हाय!"

हे मला संध्याकाळी कळलं. मी दादाला म्हणाले, "आरं दादा, त्यांना वाहतं पानी मोजायचं हुतं. तुंबलेलं न्हवं."

"आगं, जास्त दिसलं त्ये बरंच की," तो म्हणाला. राग असा आला की मी न जेवता उठले.

पुढं जनसुनावणी झाली. मंडप, माईक, टेबलावर साहेबांसाठी विकतच्या पाण्याच्या बाटल्या. अहवालाचा सारांश वाचून दाखवला. ओढा हंगामी, मोजणीच्या वेळी प्रवाह नाही, पाणी गढूळ आणि पिण्यास अयोग्य. आई बायकांत पुढं बसली होती. तिला त्या छापील मराठीतलं काही समजलं नाही. दादाला मात्र समजलं. तो उठला, माईक हातात घेतला.

"सायेब, आमचा वडा कवाच आटत न्हाई. त्या दिशी आमीच आडवला हुता. तुमाला पानी दिसावं म्हनून."

टेबलामागचे साहेब शांतपणे म्हणाले, "म्हणजे मोजणीच्या वेळी प्रवाह तुम्ही रोखला होता?"

"व्हय सायेब, आमीच."

"आणि पाण्यातली मेंढरं?"

"ती बी आमचीच!"

मंडप हसला. साहेब शेजारच्या कारकुनाकडे वळले. "घ्या लिहून. ग्रामस्थांनी प्रवाहात हस्तक्षेप केल्याचं स्वतः मान्य केलं."

मी जागेवरूनच ओरडले, पुन्हा मोजा म्हणून. "ताई, तुमची सूचना नोंदवली आहे," असं म्हणून त्यांनी पुढचं नाव पुकारलं. दादा छाती काढून खाली बसला. आपलं म्हणणं सरकारनं लिहून घेतलं, याचाच त्याला आनंद. त्याला काय बोलणार? खोटं बोलला असता तर निदान भांडता आलं असतं.

आईनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. "ब्येस बोलला का न्हाई माजा ल्योक?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मग सायबानं लिवलं का, वड्याला पानी हाय म्हनून?"

मला तेव्हा तोंड आवरायला हवं होतं. पण माझा स्वभाव तो. "न्हाई लिवलं. तुमीच वडा आडिवला, आसं लिवलं."

ती बराच वेळ दादाच्या पाठीकडे बघत राहिली. तो पुढं बसून कुणाला तरी टाळी देत होता. तिनं पदर सावरला आणि हलक्या आवाजात मला म्हणाली, "मग मला साताऱ्याला कवा न्हेतीस?"

इतकी वर्षं मी हेच ऐकायला टपले होते. आता माझ्याच्यानं तिला तारीख सांगवेना.