उपवासाची सिगारेट

"हा थंडीचा परिणाम नाही. सिगारेटचा आहे," व्हॅस्क्युलर सर्जन, म्हणजे रक्तवाहिन्यांचे सर्जन, मला म्हणाले.

फेब्रुवारी २००८. नेपरव्हिलमध्ये गुडघाभर बर्फ होता आणि माझ्या उजव्या पायाची करंगळी तीन आठवडे जांभळी पडलेली होती. ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना फ्रॉस्टबाइट, म्हणजे हिमदंश, झाला असेल, असं मी घरात सांगत होतो. स्टेशनवरून ऑफिसपर्यंत चालताना तळपायात येणारे गोळे मात्र आदल्या उन्हाळ्यापासूनचे होते. ते मी कुणालाच सांगितले नव्हते.

अँजिओग्राम केला. पायाच्या रक्तवाहिन्यांत रंग सोडून फोटो काढतात. पडद्यावर मांडीतल्या वाहिन्या सरळ, ठसठशीत होत्या. घोट्याखाली त्या तुटल्यासारख्या थांबल्या होत्या आणि भोवती बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारख्या पिळवटलेल्या बारीक वाहिन्या होत्या. आजाराचं नाव बर्जर्स डिसीज. हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या सुजतात, आत गुठळ्या होतात, रक्त पोचत नाही. होतो तो तंबाखू घेणाऱ्यांना. मी त्रेचाळीस वर्षांचा आणि सिगारेट बावीस वर्षांची.

"तंबाखू आजपासून पूर्ण बंद," डॉक्टर म्हणाले. "बंद केलीत तर बोटं वाचण्याची चांगली शक्यता आहे. नाही केलीत तर मी ती एकेक कापत जाईन."

कॅरन नावाच्या नर्सने एक छापील कागद दिला. काय चालणार नाही त्याची यादी: सिगारेट, सिगार, पाइप, खाण्याची तंबाखू, तपकीर, निकोटिनचा पॅच, निकोटिनचा च्युइंग गम. मी तो फ्रिजवर लावला. बायकोसमोर, म्हणजे मृणालसमोर, आमच्या बारा वर्षांच्या ऋचाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. "बाबा, यू डोन्ट हॅव टू डू दॅट," असं म्हणून तिने डोकं काढून घेतलं. तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

अकरा दिवस पाळलं. बाराव्या दिवशी मॉलमध्ये एक टपरी दिसली. काचेच्या काउंटरवर पेनासारख्या पांढऱ्या नळ्या मांडलेल्या. विकणाऱ्या तरुणाने एक ओढली, टोकाला लाल दिवा लागला, त्याने तोंडातून ढग सोडला. वास नाही, राख नाही. इलेक्ट्रॉनिक सिगारेट. मी त्याला स्पष्ट विचारलं, की मला पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आहे, हे चालेल का. तो हसून म्हणाला, "सर, नो टबॅको, नो टार, नो प्रॉब्लेम. नुसती वाफ आहे."

ज्याला वैद्यकातलं अक्षर कळत नाही, त्याने मला वैद्यकीय सल्ला दिला. तोही हसत. हा संताप अजून गेलेला नाही. पण ज्याला दोन डिग्र्या आहेत त्याने तो घेतला, हे मी कुठे लपवू?

नळी विकत घेऊन घरी आलो आणि फ्रिजवरची यादी वाचली. पुन्हा वाचली. त्यात इलेक्ट्रॉनिक सिगारेट नव्हती.

आमच्याकडे उपवास असाच होत असे. धान्य चालत नाही, साबुदाणा चालतो. मग खिचडी, वडे, बटाट्याची भाजी, वर दाण्याची आमटी. एकादशीला आम्ही रोजच्यापेक्षा जास्त जेवायचो आणि उपवास मोडला असं कुणी म्हणत नसे, कारण उपवासाला चालणाऱ्या पदार्थांच्या यादीत नसलेलं काही पोटात गेलेलं नसायचं. मी त्याच सवयीने कागद वाचला. फक्त ही यादी काय चालत नाही त्याची होती. मी तिच्यात न लिहिलेलं सगळं चालतं असं धरलं. नळीच्या डब्यावर बारीक अक्षरात निकोटिन लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

मृणालने नळी पाहिली आणि म्हणाली, "ही तुझी उपवासाची सिगारेट."

"यात धूर नाहीये. वाफ आहे."

"मग डॉक्टरांना विचारून घे."

मी विचारलं नाही. नको ते उत्तर मिळेल हे माहीत असल्याशिवाय माणूस विचारायचं टाळत नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याला शाळेच्या हॉलमध्ये मी आत बसूनच नळी ओढली. नागपूरचा विलास, माझा ऑफिसमधला मित्र, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "यार, हा तर साधू झाला. चिलीम तेवढी सोडली नाही." लोक हसले. दोघातिघांनी अभिनंदन केलं. विलासही सिगारेट ओढायचा. मी त्याला त्या टपरीचा पत्ता दिला.

सिगारेट प्यायला पूर्वी थंडीत बाहेर जावं लागायचं. आता सोफ्यावर, गाडीत, बाथरूममध्ये, कुठेही. मी पूर्वीपेक्षा जास्त ओढत होतो.

मे महिन्यात करंगळीच्या टोकाला जखम झाली. ड्रेसिंग करूनही भरेना. बसल्याजागी पाय ठणकायला लागला. जूनमध्ये डॉक्टरांनी लघवीची कोटिनिन टेस्ट केली. शरीरात निकोटिन गेलं की त्याचं कोटिनिन होतं आणि ते काही दिवस सापडतं. टेस्ट पॉझिटिव्ह आली.

"तुम्ही सिगारेट ओढताय," डॉक्टर म्हणाले.

"एकही नाही. मुलीची शपथ आहे."

मृणालने पर्स उघडली, माझी नळी डब्यासकट काढली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी ती हातात फिरवून पाहिली. अशी वस्तू ते पहिल्यांदाच बघत होते. डब्यावरची अक्षरं चष्मा वर करून वाचली आणि म्हणाले, "तुमच्या रक्तवाहिन्यांना तंबाखूचं पान दिसत नाही. त्यांना निकोटिन पोचलं, बस." मग नळी खाली ठेवून म्हणाले, "तुम्ही मला हे सांगायला हवं होतं. आणि मी विचारायला हवं होतं."

त्याच दिवशी मी नळी त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. उशीर झाला होता. जुलैपर्यंत करंगळी काळी, कोरडी पडली. त्याला गँग्रीन म्हणतात, मांस मरतं. कमरेखालचा भाग बधिर करून त्यांनी ती काढली. पडद्यापलीकडे काय चाललंय ते कळत होतं, दुखत नव्हतं. मी छताकडे बघत त्या हसऱ्या तरुणाला शिव्या देत होतो आणि मध्येच लक्षात आलं, की मी त्याला माझ्या आवाजात ऐकतोय. नो प्रॉब्लेम. मृणालला मी हेच सांगत आलो होतो.

घरी आल्यावर पहिला फोन विलासला केला. सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "अरे पण मला तो आजार नाहीये ना, यार." मी म्हटलं, मलाही फेब्रुवारीपर्यंत नव्हता. त्याने विषय बदलला. पत्ता मी दिला होता. अजूनही दर रविवारी मी त्याला फोन करतो, आणि तो अजूनही विषय बदलतो.

ज्यांना हा आजार सांगितला गेलाय त्यांनी एवढंच करा. जे तोंडात घालता, लावता, ओढता, ते सगळं घेऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. लाज वाटेल. माझ्यासाठी ती मृणालने सोसली, आणि उरलेली चार बोटं त्यामुळे आहेत. जखम भरली. ऑक्टोबरमधली कोटिनिन टेस्ट निगेटिव्ह आली.

त्या भेटीत मी बाहेर बसलो होतो. कॅरन एका नव्या पेशंटला तोच छापील कागद देत होती. देण्याआधी तिने पेन काढलं आणि यादीच्या खाली हाताने एक ओळ लिहिली. मला दिसावी म्हणून कागद क्षणभर माझ्याकडे वळवला. इलेक्ट्रॉनिक सिगारेट.

ती ओळ लिहिली जायला माझं एक बोट लागलं. कॅरनचा मी आभारी आहे. आणि सावध करण्याचं हे काम त्या नळ्या विकणाऱ्यांचं होतं, तिचं नव्हतं, हा राग मी घालवणार नाही.