हातोडीवाले काका आणि फाटकाजवळचा पूल

“ओ चष्मेवाले, थांबा तिथेच! आधी त्या भाजीवाल्या ताईंना उतरू दे, मग तुम्ही पाय टाका!”

डोंबिवलीतल्या आमच्या फाटकाजवळच्या, रुळांवरून जाणाऱ्या पादचारी पुलावर, हातात छोटी हातोडी घेऊन, खालच्या मजल्यावरचे काका ओरडत होते. अख्ख्या ठाणे जिल्ह्यात लोखंडाची नाडी कळणारा हा एकच माणूस. बाकीचे आपण नुसते चालणारे. जन्मभर रेल्वेचे पूल ठोकून तपासले, काका निवृत्त झाले, हातोडी झाली नाही. ‘ठण्ण’ वाजलं तर रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारा जाड खिळा, घट्ट, ‘थप्’ वाजलं तर सैल, हे त्यांचं शास्त्र. ते त्यांनी लग्नाच्या मांडवापासून आमच्या कुकरपर्यंत सगळ्यांना लावलं. पुतणीला बघायला आलेल्या मुलाच्या पाठीवर कौतुकाने थाप मारली आणि आत येऊन काकूंना म्हणाले, “पोकळ आहे.” स्थळ मोडलं. पुढे तो मुलगा पुढारी झाला, म्हणजे निदान अचूकच.

या पुलावर मात्र त्यांचा खास डोळा. पलीकडे त्यांची थोरली बहीण, अक्का, एकटी राहते. रोज संध्याकाळी काका तिच्याकडे चहाला जायचे. पूल पायऱ्यांचा नाही, उताराचा, त्यामुळे गुडघ्यांना चालायचा. जाता-येता ठोकायचे आणि सैल रिव्हेटभोवती खडूने गोल काढायचे. गोल इतके झाले की मंगळवारी बायका तिथे हळदकुंकू वाहू लागल्या!

मग काकांनी रेल्वेकडे अर्ज केला. साहेब आले, पुलाखालच्या टपरीवर कटिंग प्यायले, मान वर करून एकदा बघितलं. उत्तर आलं: पूल समाधानकारक. दुसऱ्या अर्जावर रंगारी आले. खडूच्या गोलांसकट, हळदकुंकवासकट, कठड्यावर झोपलेल्या मांजराच्या शेपटीसकट पूल चंदेरी झाला. “आता रंगानेच पूल धरून ठेवलाय,” काका म्हणाले. तिसऱ्या अर्जावर पाटी लागली: ‘पूल धोकादायक. आपल्या जबाबदारीवर वापरावा.’ पाटी एवढी थोरली की भर उन्हात तिच्या सावलीला पंधरा-पंधरा माणसं गप्पा मारत उभी, आणि नेमकी ‘थप्’ वाजणाऱ्या जागेवर.

त्या दिवशी काका ओरडत होते ते ह्यांनाच, एकेक करून तिथून हलवायला. शिव्या घालत माणसं बाजूला झाली, आणि ती उभी होती तिथला पत्रा सुटून थेट खालच्या टपरीवर, उकळत्या चहाच्या पातेल्यात! पातेल्यापासून हातभर अंतरावर साहेब, चौथ्या अर्जाची पाहणी करत, बिस्कीट बुडवत. जे तीन अर्जांना जमलं नाही ते त्या पत्र्याने तासाभरात केलं. पूल बंद.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेढे घेऊन काकांना शोधत गेलो. पुलाच्या तोंडाशी आडवे ठोकलेले पत्रे, त्यांच्यासमोर काका. हातोडी खिशात.

“जिंकलात की हो काका!”

“हं.”

चहाची वेळ झालेली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. फाटक तर कधीच कायमचं बंद झालेलं, आणि स्टेशनच्या पुलाचे जिने त्यांना झेपत नाहीत. रिक्षाने वळसा घ्यावा तर ट्रॅफिकमध्ये चहाची वेळ टळून जेवणाची होते.

“काका, आता अक्कांकडे कसे जाणार? हे आधी लक्षात नाही आलं?”

“पहिला अर्ज लिहितानाच आलं होतं.”

“मग?”

“फोन करीन.”

“पण अक्कांना फोनवर काही ऐकू येत नाही ना?”

“मला येतं,” काका म्हणाले.