आमच्या बांधावरची शस्त्रसज्जता

जवळ सरक गं सुमन. एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून बसलीस, मावशीला भेटायला आलीस का हजेरी लावायला? ठेव तो मोबाईल पालथा. तर सांगत काय होते, आमच्या अख्ख्या घराण्यात शेजाऱ्यावर तोफ एकाच माणसानं डागली, आन् ती मी डागली.

राणीसावरगावच्या आमच्या रानाला भुजंगभाऊजींचं रान लागून. मधी एकच बांध. पूर्वी त्या बांधावर मी आन् त्यांची रुक्मिण दुपारची भाकर सोडायचो. माझं पिठलं तिच्या ताटात, तिचा ठेचा माझ्या. (डोळ्यांतलं पाणी दोघींचं!) आमची लेक शुभांगी तर तिच्याच मांडीवर वाढली. मग नांगरताना बांध कुणी कोरला, यावरून दोघे बाप्ये भांडले आन् बोलणं बंद झालं. चौघांचं! आमा दोघींना कुणी विचारलंच न्हाई. त्यात शुभांगीचं लग्न ठरलं, पत्रिका छापून आल्या. रुक्मिणीची पत्रिका मी कमरेला खोचून हिंडायचे. द्यायची हिंमत होईना.

अशात एका सकाळी भाऊजींच्या रानातून आवाज आला, धडाम! म्हैस दावं तोडून ओढ्यात, आन् मास्तर (आमचे हे, शाळेतून रिटायर झाले, शिकवण्यातून न्हाई) चहासकट बाजेखाली! बघतो तर भाऊजींनी माकडं हाकायला प्लास्टिकच्या पाइपाची तोफ केलेली. पाइपात बटाटा ठासायचा आन् खटका दाबायचा. त्यांच्या हरभऱ्यातली माकडं पळाली, ती थेट आमच्या हरभऱ्यात!

टीव्हीवर बी तेव्हा हेच चाललं होतं. कुठलासा देश क्षेपणास्त्रं उडवून बघायलाय, आन् त्याचे शेजारी एकमेकांकडं बैठका घेऊन शस्त्रं वाढवायलेत. मास्तर ते असं बघायचे, जसं काही त्यांनाच विचारून करायलेत.

"बघितलंस? शेजारी चाचण्या करायला लागला की आजूबाजूच्यांनी एकजूट करून शस्त्रसज्ज व्हायचं. याला भांडण न्हाई, राजनय म्हणतात!"

"मंग बोलणी कधी करायची?"

"तोफ आल्यावर. रिकाम्या हातानं बोललं की कुणी ऐकत न्हाई."

"मी पत्रिका घेऊन जाते की. हात रिकामा न्हाई राहत."

"हे परराष्ट्र खातं हाय, सैपाकघर न्हाई!"

खालच्या अंगाचा दत्ता आन् ओढ्यापलीकडचे गंगाराम आबा आमच्या रानातल्या घरी बैठकीला आले. तीनदा चहा झाला, परिषद यशस्वी झाली. दत्तानं गोफण दिली, आबांनी बडवायला पत्र्याचा डबा, आन् मास्तरांनी परभणीहून भाऊजींच्या पाइपापेक्षा हातभर लांब पाइप आणला. त्यांनी एक धडाम केलं की आमी दोन! म्हैस पान्हा चोरायला लागली. माकडांना मात्र सवय झाली. बांधावर बसून मान इकडं-तिकडं करायची, जशी सामना बघायला आलीत.

लग्न चार दिवसांवर आलं. मी वैरणीला गेले, तर बांधापलीकडं भाऊजी फोनवर कुणाला सांगायलेते, "मास्तरसाठी तोफा तयार हाय. लय मजबूत! उद्या सकाळीच नेऊन टाकतो. बघतच राहतील!"

वैरण तिथंच टाकली. तशीच पळत घरी.

"अहो, तोफा! एक न्हाई, तोफा!"

"किती?"

"मोजत बसू का काय तिथं!"

दुसऱ्या सकाळी मास्तर दत्ताला बोलवायला गेले आन् ठासलेल्या तोफेपाशी मला बसवलं. "मी येईपर्यंत खटक्याला हात लावू नको." (असं सांगितल्यावर पुढं काय होतं, हे जन्मभर पोरं शिकवून बी त्यांना कळलं न्हाई.)

तेवढ्यात भाऊजींचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत ताडपत्रीखाली काहीतरी आडवं, आन् त्याचं हे एवढं गोल तोंड बाहेर, थेट माझ्यावर रोखलेलं! मी डोळे मिटले आन् खटका दाबला. धडाम! मागोमाग, टण्ण!

डोळे उघडले तर ट्रॉलीत धान्याची स्टीलची कोठी. तिच्या पोटात बटाट्याएवढा पोचा.

"वैनी!" भाऊजी ट्रॅक्टरावरूनच ओरडले, "शादीचा तोफा हाय हो! पोरीला भेट!"

तोफा म्हणजे भेट! भाऊजींची उभी नोकरी हैदराबादेत गेलेली, मराठी निम्मं उर्दू. 'तोफा तयार हायत' न्हाई, 'हाय' म्हणाले होते, ते मला तेव्हा आठवलं. (मास्तरांची बायको, आन् एकवचन-अनेकवचन कळंना!)

पुढं बसलेली रुक्मिण उतरली, पोच्यावरून हात फिरवला, आन् इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली, "बोलवायचं नव्हतं तर तसं सांगायचं बाई. बटाटा कशाला वाया घातला?"

मला हसू आवरेना आन् रडू बी. कमरेची पत्रिका काढून तोफेच्या धुरानं काळ्या झालेल्या हातानंच तिला दिली. मास्तर सैन्य घेऊन धापा टाकत आले, तोवर शत्रुराष्ट्र आमच्या चुलीपाशी चहा पीत होतं.

शुभांगीला पहिली हळद रुक्मिणीनं लावली. कोठी पोच्यासकट परभणीला नांदायला गेली. दोन्ही पाइप मोडले, आन् भाऊजींनी तहात एकच अट घातली. वैनींचा नेम बघता, दोन्ही रानांची राखण वैनींकडं! (डोळे मिटलेले होते, हे मी अजून कुणाला सांगितलं न्हाई.) तेव्हापासून दत्ताची गोफण माझ्या हातात.

तर सुमन, आता वर्षवर्ष लावू नको. हरभरा भरला की लगेच ये. फक्त बांधावर आलीस की लांबूनच हाक मार बाई. आता डोळे उघडे ठेवून बी मला भाची कोणती आन् माकड कोणतं, कळंना झालंय!