बॉडी उचलायचा रविवार

बाबांची जुनी दोन दारांची गाडी मला बारावीपर्यंत शाळेत सोडायची, आणि मी बाबांना फाटकाच्या एक वळण आधीच थांबायला सांगायचे. ते कधी कारण विचारायचे नाहीत. आता मी घरूनच नोकरी करते. मागच्या पावसाळ्यात गाडीतली पायाखालची चटई उचलली, तर खालचं डबकं दिसलं. गंजानं तळाचा पत्रा खाऊन टाकला होता.

आमच्या या हिंदी मुलखातल्या गावात दतिया गेटपाशी गाड्यांचा पत्रा ठोकणारे डेंटर भैया येऊन गाडीखाली आडवे झाले आणि बराच वेळ तिथेच राहिले. अशा गाडीत खाली चासीचा सांगाडा असतो आणि त्यावर पत्र्याची बॉडी बोल्टांनी बसवलेली असते, एवढं मला तेव्हा कळलं. "चासी पक्की है साहब," ते बाहेर येऊन बाबांना म्हणाले. "बॉडी उठानी पड़ेगी. सीधी उठ गई तो नया फर्श डाल देंगे. मुड़ गई तो दरवाज़े कभी नहीं बैठेंगे. फिर कबाड़ी को बुला लेना."

"भैया, इनके सामने कबाड़ी मत बोलो," आई म्हणाली. "जेवायचे नाहीत आज." दुसरं वाक्य मराठीत होतं, पण भैयांना ते कळलं असावं. ते हसले.

बाबा कारखान्यात तपासणी खात्यात आहेत. घरातला मिक्सरही ते नोंद केल्याशिवाय उघडत नाहीत. गाडीसाठी त्यांनी मला एक वही दिली. महिनाभर दर रविवारी ते क्वार्टरच्या मागच्या अंगणात एकेक भाग सोडवायचे आणि मी लिहायचे. सीटा, वायरी, पेट्रोलची नळी. नंतर बॉडीचे बोल्ट. प्रत्येक बोल्टाखाली पातळ चकत्या होत्या, कुठे दोन, कुठे तीन. त्या जशा निघाल्या तशाच परत बसवायच्या, म्हणून प्रत्येक जागेची वेगळी डबी आणि डबीवर चिठ्ठी. मला हे काम आवडत होतं. त्यात बोलावं लागत नव्हतं. भैयांनी दोन्ही दारांच्या मोकळ्या चौकटींत लोखंडी पाइप आडवे वेल्ड केले, म्हणजे उचलताना चौकट मिटणार नाही. जाताना वहीत डोकावून म्हणाले, "काए बिन्नू, का लिख रईं? हमरी शिकायत?" इकडे लेकीला बिन्नू म्हणतात.

उचलायच्या दिवशी दहा माणसं जमली. डावीकडे गणपती मंडळातले पाच काका, उजवीकडे शेजारचे चौघे आणि भैया. मी वही घेऊन तुळशीपाशी उभी होते. गाडीच्या माहितीपुस्तकातल्या आकृतीत बॉडीचे बोल्ट चौदा होते. माझ्या वहीत तेरा. मी दोनदा मोजले. आपल्याकडूनच एक लिहायचा राहिला असेल, असं वाटलं. समासात प्रश्नचिन्ह काढलं आणि बाबा या बाजूला आले की विचारू, असं ठरवलं. बाबा या बाजूला आलेच नाहीत. आणि एवढ्या माणसांसमोर हाक मारायची म्हणजे सगळे माझ्याकडे बघणार.

"तीन म्हटलं की उचलायचं," बाबांनी आधी मराठीत सांगितलं, मग हिंदीत. "फक्त वीतभर. मग थांबायचं."

सगळे वाकले. बाबांनी तोंड उघडायच्या आत मंडळातल्या सर्वांत थोरल्या काकांनी सवयीनं म्हटलं, "गणपती बाप्पा..."

"मोरया," बाकीचे चार काका म्हणाले आणि त्यांनी उचललं. दर वर्षी मूर्ती ते असंच उचलतात. शेजारी अजून एक-दो-तीनची वाट बघत वाकलेले होते. डावी बाजू वर गेली. उजवीकडचा मागचा कोपरा जागचा हलला नाही, आणि पत्रा कर्रकन वाजला.

"खाली ठेवा," मी म्हणाले. "एक बोल्ट राहिलाय. नीचे रखिए, प्लीज़."

बॉडी खाली आली. बाबा मागच्या चाकापाशी गुडघ्यावर बसले आणि हातानं चाचपू लागले. तिथे डांबरासारख्या काळ्या लेपाचा जाड थर होता. भैयांनी पटाशीनं तो खरवडला, आणि आत बोल्टाचं डोकं निघालं.

मग भैयांनी सुतळी काढली. दाराच्या चौकटीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणून गाठ मारली आणि तीच सुतळी उलट्या कोपऱ्यांत धरली; दोन्ही मापं सारखी भरली तर चौकट वाकलेली नाही. डाव्या चौकटीत गाठ बरोबर बसली. उजवीकडे ते जास्त वेळ घेत होते. बाबा तिकडे न बघता हात पुसत होते. हात आधीच कोरडे होते.

"करंगळीच्या नखाएवढा फरक आहे का हो?" एका काकांनी हळूच विचारलं.

"उतना भी नहीं," भैया म्हणाले. "पाइप ने बचा लिया. साहब, इन पंडितजी का मुँह बंद करवाओ, फिर उठाते हैं."

"बाप्पाला आज सुट्टी," थोरले काका ओशाळून म्हणाले. तो चौदावा बोल्ट कापून काढावा लागला. दुसऱ्यांदा बॉडी सरळ उठली आणि अंगणातल्या चार ड्रमांवर जाऊन बसली. एवढी मोठी गाडी, पण दहा माणसांच्या हातांत ती टोपलीसारखी हलकी वाटत होती.

सगळे पोहे खाऊन गेल्यावर बाबा सवयीनं वहीचं पान तपासायला बसले. त्यांचं बोट समासावर थांबलं.

"हे कधी लिहिलंस?"

"सकाळी."

"मग बोलली का नाहीस?"

"सगळे आले होते."

त्यांनी मान हलवली, जणू हे कारण त्यांनाही चालण्यासारखं होतं. प्रश्नचिन्ह खोडलं नाही. त्याच्यापुढे 'मिळाला' असं लिहून सही केली आणि वही माझ्याकडे दिली. "मीही मोजायला हवे होते गं," ते म्हणाले, आणि तारेचा ब्रश घेऊन चासीपाशी जाऊन बसले. थोड्या वेळानं दुसरा ब्रश शोधून मीही गेले. आम्ही दोघं जेवायच्या वेळेपर्यंत न बोलता गंज घासत होतो.