रिकामी खुर्ची आणि मिठातल्या आठळ्या

आमच्याकडे माणसं दुःख घेऊन येतात आणि जाताना एखादा किस्सा ठेवून जातात. मी समुपदेशक. घरातलं माणूस गेल्यावर जे मागे राहतात, त्यातही बहुतेक साठीच्या पुढचे, ते माझ्याकडे येतात. इतक्या वर्षांत एवढे किस्से साठलेत की ते कुणाला सांगितले नाहीत तर मलाच कुठेतरी अपॉइंटमेंट घ्यावी लागेल! नावं अर्थातच बदलली आहेत. पण रत्नागिरीत नुसती नावं बदलून भागत नाही, म्हणून गावंही बदलली आहेत.

बाहेरच्या खोलीत सुनंदाताई बसतात. फोन उचलायचा आणि वेळा लिहून ठेवायच्या, एवढंच त्यांचं काम. बाकी त्या जे काही करतात, ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

*

सुरुवातीला लांज्याचे एक आजोबा आले होते. आजी जाऊन चार महिने झाले होते. सुनेने त्यांना दारापर्यंत सोडलं आणि ती बाजारात गेली. आजोबांनी बाहेरचा 'समुपदेशन केंद्र' हा बोर्ड दोनदा वाचला, आत आले, ऐसपैस बसले आणि घसा साफ केला.

मी म्हटलं, "बोला आजोबा."

"बोलतो ना! पण उपदेश ऐकणारं कोण हाय ते आधी दाखवा!"

त्यांना वाटलं, सुनेने आपल्याला उपदेश करायच्या कामावर लावलंय. मग मी ऐकणारी झाले. तासभर त्यांनी मला संसार कसा करावा ते सांगितलं. त्यात आजींचं नाव निदान तीसेक वेळा आलं असेल. जाताना म्हणाले, "पोरगी तशी ऐकणारी हाय. पुढच्या आठवड्यात राहिलेलं सांगतो."

*

पुण्यात ट्रेनिंगला आम्हाला रिकाम्या खुर्चीचा प्रयोग शिकवला होता. समोर एक रिकामी खुर्ची ठेवायची, गेलेलं माणूस तिथे बसलंय असं समजायचं आणि मनात राहिलेलं त्याच्याशी बोलायचं. मी लगेच हॉलमधली एक जादा खुर्ची आत आणून ठेवली.

पहिल्या आल्या त्या भाट्याच्या एक काकी. मी छान आवाज लावून म्हटलं, "काकी, समजा काका या खुर्चीत बसलेत. त्यांना काय सांगावंसं वाटतं?"

काकी ताडकन उठून उभ्या राहिल्या. पदर सारखा केला आणि भिंतीला टेकल्या.

"अहो, उठलात का? बसा ना!"

"हे बसलेत ना तिथे? त्यांच्यासमोर खुर्चीत कशी बसू?"

काकी पंधरा मिनिटं तशाच उभ्या. मी घामाघूम. हे तर पुण्यात कुणी शिकवलंच नव्हतं! शेवटी त्याच म्हणाल्या, "बाय माझे, ती खुर्ची वाईच बाहेर नेऊन ठेव. चाळीस वर्षं उभी हाय मी. आता जरा बसू दे."

खुर्ची बाहेर गेली. काकी बसल्या आणि पोटभर रडल्या. ती खुर्ची नंतर मी परत आत आणली, पण कोपऱ्यात. वापरायचा धीर काही झाला नाही.

*

एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांना मी दुःखाच्या पायऱ्यांचा छापील कागद दिला. माझीच चूक. पुढच्या खेपेला तो कागद लाल पेनने तपासून परत आला.

"मॅडम, पाचपैकी दोन पायऱ्या पूर्ण. पण 'राग' ही पायरी मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी पूर्ण केलेली आहे. ती पुन्हा करायला लावू नये!"

*

आता सुनंदाताई. फणसाच्या दिवसांत त्या मिठाच्या पाण्यात उकडलेल्या आठळ्यांचा डबा आणतात आणि वाट बघत बसलेल्यांच्या हातात देतात. "बसलाच आहात तर सोला!" आठळ्या सोलता सोलता माणूस बोलायला लागतं. सुनंदाताईंचे यजमान फार लवकर गेले, त्यामुळे त्यांना मध्ये मध्ये फारसं विचारावं लागत नाही. कुणाला कुठे टोचतंय ते त्यांना माझ्याआधी कळतं. मला याचं कौतुक आहे आणि थोडा रागही आहे.

एकदा एक बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. डोळे सुजलेले, पण चेहरा अगदी शांत. मी टिश्यूचा बॉक्स पुढे सरकवला.

"नको हो. रडून झालं बाहेर. तुमच्याकडे आणखी काय असतं?"

*

नानांचं मात्र बाहेरही काही होईना आणि आतही. नाना म्हणजे बोटीवरचे. पस्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली आणि निवृत्त होऊन घरी आले. दोन वर्षं झाली नाहीत तोच त्यांच्या पत्नी, कमलवहिनी गेल्या. मुलगी वैशाली मुंबईहून रजा टाकून आली होती, तीच त्यांना दर मंगळवारी घेऊन यायची.

पहिल्या दिवशी तीच बोलली. "बाबा जेवतच नाहीत. दोन घास चिवडतात आणि उठतात. पँटला नाडी बांधायची वेळ आलीय. पूर्वी घरी आले की रोज कटकट असायची, आमटीत मीठ कमी, भाजीत मीठ कमी. आईचं डोकं उठायचं. आता काहीही वाढा, गप्प! मला त्याचीच भीती वाटते."

आणखी एक गोष्ट तिने सांगितली. नाना बोटीवरून फोन करायचे, तेव्हा आई दर वेळी विचारायची, "कधी येताय?" आणि फोन ठेवताना नानांचं एकच वाक्य असायचं, "वाट बघत बसू नको. जेवून घे."

नाना माझ्यासमोर बसायचे आणि खिडकीतून खाली रस्ता बघायचे. पाच मंगळवारांत ते एकदाच बोलले.

"पस्तीस वर्षं तिने वाट बघितलीन. आता माझी पाळी."

शिकलेलं सगळं आठवून पाहिलं, एकही वाक्य उपयोगाचं निघालं नाही. मला त्या दिवशी खरंच घाबरायला झालं. माणूस डोळ्यांदेखत वाळत होता आणि वैशालीची रजा संपत आली होती.

बाहेर नाना सुनंदाताईंच्या आठळ्या मुकाट सोलायचे. डबाभर सोलून इतरांना द्यायचे. स्वतः एकही तोंडात टाकायचे नाहीत.

पाचव्या मंगळवारी ते निघताना सुनंदाताई पायऱ्यांपर्यंत मागे गेल्या. मी दारात होते, म्हणून ऐकलं.

"नाना, एक विचारू? पस्तीस वर्षं वाट बघितलीन वहिनींनी. ती काय उपाशी राहून बघितलीन?"

नाना कठडा धरून एक एक पायरी उतरून गेले. मी सुनंदाताईंवर चिडले. "असं बोलतात का कुणाला?" त्या म्हणाल्या, "तुम्ही पाच आठवडे नाय बोललात, म्हणून मी बोलले!"

*

सहावा मंगळवार. शनिवारी वैशाली परत जाणार होती. आज काही झालं नाही तर डॉक्टरांकडे भरतीचं बोलायचं, असं आम्ही दोघींनी ठरवलं होतं.

नाना आत आले. रोजच्या खुर्चीकडे गेले, पण बसले नाहीत. कोपऱ्यातली ती जादा खुर्ची ओढत आणली, आपल्या रोजच्या खुर्चीसमोर ठेवली आणि तिच्यात बसले. मी त्यांना या प्रयोगाबद्दल कधीच काही सांगितलेलं नव्हतं.

ते समोरच्या, स्वतःच्याच रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. मग त्या खुर्चीला हळूच म्हणाले,

"वाट बघत बसू नका. जेवून घ्या."

आणि उठून बाहेर गेले. मीही मागोमाग गेले. वैशाली बाकावर बसली होती. सुनंदाताईंनी नेहमीसारखा डबा पुढे केला. नानांनी एक आठळी सोलली, नीट निरखली आणि तोंडात टाकली. सावकाश चावली. मग तोंड वाकडं केलं.

"सुनंदाबाई, मीठ कमी आहे!"