जाजमाचा टेंट

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मी मोडत आणलं होतं, तेही एका बादलीभर पाण्यानं.

सुमनला बघायला पैठणहून माणसं येणार होती. दिवस उन्हाळ्यातला, वार शुक्रवार, आणि शुक्रवारी दुपारी आमची लाईट जाते हे पाहुण्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या दोन्ही खोल्या तव्यासारख्या तापलेल्या.

"गच्चीवर बसवा, वारं तरी लागंल," आई म्हणाली.

गच्चीवर सावली नव्हती. म्हणून तळमजल्यावरच्या बिऱ्हाडातल्या रझियाआपांकडून त्यांचं लग्नकार्यातलं भलंमोठं जाजम मागून आणलं.

अप्पा, म्हणजे आमचे वडील, इंग्रजीचे निवृत्त मास्तर. त्यांच्याकडे आधी शब्द आणि मग काम!

"टेंट," जाजमाची कड हातात धरून अप्पा सुरू झाले. "मूळ लॅटिन. अर्थ ताणणे. तिथून फ्रेंचांकडे, तिथून इंग्रजांकडे. जे ताणलेलं नाही, ते टेंट नाही!"

"अप्पा, तुमची कड ताणा आधी," मी म्हणाले.

"याच स्पेलिंगचे आणखी दोन शब्द आहेत. एक म्हणजे स्पेनची लाल दारू..."

"पाहुण्यांसमोर दारूचं नाव काढाल तर बघा!" आई जिन्यातून ओरडली.

"...आणि दुसरा, जखम वरून बुजू नये म्हणून डॉक्टर आत घालतात ती कापडाची वात."

(लग्न ठरवायच्या दिवशी दारू आणि जखम! पण अप्पांना कोण सांगणार?)

तीन दोऱ्या कठड्याच्या कड्यांना बांधल्या. चौथीला जागा सापडेना. मी ती सरळ पाण्याच्या टाकीच्या पाईपला बांधली.

"मोठे, पाईपला नको," अप्पा म्हणाले. "आणि दोरी भिजवू नकोस. सुताची आहे, भिजली की आखडते."

"अप्पा, मला शाळेत तुम्हीच घातलं होतं ना? एवढं कळतं मला."

पाहुणे आले, घामाघूम झाले. त्यांना गार वाटावं म्हणून मी बादली उचलली आणि पाणी जाजमावर फेकलं. दोऱ्यांवरही गेलं थोडं. थोडं म्हणजे सगळं!

"वा, काय गारवा!" मुलाचे वडील पन्ह्याचा पेला उचलत म्हणाले. अप्पा खूश. त्यांनी लॅटिनपासून सुरुवात केली. तेवढ्यात कुठंतरी कर्रर्र झालं. मला वाटलं, खुर्ची असेल.

फट्!

पाईप तुटला. पाण्याची धार थेट मुलाच्या वडिलांच्या छातीवर, आणि ओलं जाजम धप्पकन सगळ्यांच्या डोक्यावर. आतून अप्पांचा शांत आवाज आला, "आता याला टेंट म्हणता येणार नाही."

आमच्या गल्लीत पैठणच्या धरणाचं पाणी नळाला आठवड्यातून एकदा, ठरल्या वारीच यायचं. टाकीत दोन्ही बिऱ्हाडांचं आठवड्याचं पाणी होतं. खालून रझियाआपा ओरडल्या, "अगे ओ! पानी कायकू बहारे? हफ्ते का पानी है वो!"

मी रिकामी बादली घेऊन उभी. (हुशार, व्यवहारी थोरली मुलगी!) तेवढ्यात मान खाली घालून पोहे आणणाऱ्या सुमननं ताट ठेवलं, नेसत्या साडीचा पदर पिळला आणि पाईपच्या तोंडात कोंबला. धार थांबली. पण आता सुमनला हलता येईना!

अप्पा जाजमातून डोकं काढून ओरडले, "बघा, वात! तोच अर्थ!"

मुलाचे वडील धोतर पिळत म्हणाले, "मास्तर, आमच्याच धरणाचं पाणी आमच्याच अंगावर टाकलं व्हय?"

कुणी हसेना. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलाची आई मात्र सुमनकडे बघत होती.

"स्वयंपाक येतो का गं?"

"येतो. पण आत्ता हात मोकळे नाहीत."

"पोरगी लई खमकी हाय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. तोवर एक शब्दही न बोललेला मुलगा उठला आणि पाईप धरायला सुमनशेजारी जाऊन उभा राहिला. ठरलं!

सुमन पैठणला गेली. काही वर्षांनी अप्पा गेले. मी रडणारी बाई नाही, कामं असतात. पण परवा वाळूजहून कामावरून येताना माझ्या मुलानं तयार टेंट आणला. पिशवीतून काढला की आपोआप उघडतो. ना दोरी, ना ताण. दोन मिनिटांत उभा, आणि कुणी एक अक्षर बोललं नाही. मी उगाच त्याची कड धरून उभी राहिले. वाटलं, कुणीतरी दहा मिनिटं अडवून ठेवावं आणि लॅटिनपासून सुरुवात करावी.

शेवटी अप्पांचा शब्दकोश काढला. टेंटच्या पानावर एक, दोन, तीन अर्थ छापलेले. त्याखाली पेन्सिलीनं, अप्पांच्या वळणदार अक्षरात, चौथा: "मोठीच्या हाती दोरी देऊ नये."

पान भिजायला लागलं, तसा कोश मिटला. आमच्या गल्लीत वार न बघता येतं ते पाणी डोळ्यांतलं तेवढंच, तेही मी नको तिथंच सांडलं!