शोकेसला भोकं

आमच्या घरात 'साप' हा शब्द चालत नाही. आई त्याला लांबडं म्हणते, फार तर जनावर. बातम्यांत कुणाच्या बंगल्यात नाग निघाल्याचं दाखवलं की ती चॅनेल बदलते, मी परत लावलं की उठून स्वयंपाकघरात जाते. अशा घरात मी साप आणायचं ठरवलं. आईला छळायला नव्हे. लोकांना कुत्रं हवं असतं, मांजर हवं असतं, मला साप हवा होता. पंचेचाळिशीला आलेल्या, स्वतः कमावणाऱ्या बाईने अजून किती थांबायचं?

योग आला तो इथल्याच, नाशकातल्या गंगापूर रोडला राहणाऱ्या माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीमुळे. ती मुलाकडे कायमची परदेशी निघाली होती आणि तिच्याकडे एक कॉर्न स्नेक होता. अमेरिकेकडचा, बिनविषारी, नारिंगी रंगाचा, मनगटापेक्षा बारीक. आपल्याकडचा कुठलाही साप घरात ठेवणं गुन्हा आहे आणि ते बरंच आहे. हा परदेशी होता, त्याची रीतसर नोंद होती आणि ती नोंद आता माझ्या नावावर झाली होती. तिचं विमान श्रावणात होतं. तोवर मला त्याच्यासाठी घर तयार करायचं होतं, आणि त्याआधी आईला सांगायचं होतं.

आई बागलाणातली, नामपूरजवळची. तिचा धाकटा भाऊ लहानपणी मण्यार चावून गेला. ती त्याच्या शेजारीच झोपली होती. मला एवढंच माहीत होतं, यापुढे ती कधी बोलली नव्हती. मात्र त्यानंतर मातीच्या घराच्या भिंतीतली भोकं बुजवायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. शेणमाती, चिंध्या, फुटक्या काचा, हाताला येईल ते कोंबायची. ती सवय फ्लॅटमध्येही सुटली नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, तरी बाथरूमच्या जाळीवर रोज झोपताना ती वीट ठेवते. सकाळी माझ्या पायाला ती वीट लागते आणि मी रोज चिडते.

मी सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. नाशकात राहून तिची भाषा शहरी झाली आहे, पण फार लागलं की अहिराणी बाहेर येते. ती म्हणाली, "मन्हं आठे काय शे?" इथे माझं आहे तरी काय. मग नामपूरला भावाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, फोन लावला आणि मी येते म्हणून सांगून टाकलं.

वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. आम्ही गोडीने राहतो असं कुणी म्हणणार नाही. तिला माझी भाजी आवडत नाही, मला तिचं सारखं दिवे घालवणं आवडत नाही. पण ऑफिसातून आल्यावर कुलूप उघडून अंधाऱ्या घरात शिरायचं, हे मला जमणार नव्हतं. खरं सांगायचं तर मला दोन्ही हवं होतं. साप सोडवत नव्हता आणि आई गेलेली चालणार नव्हती.

दोन दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोललो. मग तिने आपणहून अट घातली. ती पेटी बघेल. मुंगी जाईल एवढंही भोक दिसलं तर दुसऱ्या दिवशीच्या एसटीने नामपूर. नाहीच दिसलं तर बघू, म्हणाली.

मी हट्टाला पेटले. हॉलमधली शोकेस घेतली. काचेचे सरकते दरवाजे असलेली, ज्यात आमच्याकडे कधी न वापरलेला कपांचा सेट, माझ्या शाळेतल्या दोन ढाली आणि एक मुंडकं हलवणारी बाहुली होती. सगळं खोक्यात भरलं. खालच्या कप्प्यात रग ठेवलेले असायचे, त्यात डांबराच्या गोळ्या. मैत्रीण फोनवर म्हणाली की त्या वासाने साप मरेल. मी कपाळाला हात लावला. खालची फळी बदलली, बाकीची धुतली, पुसली, गॅलरीत ठेवून वाळवली, तरी वास जाईना, मग आतून नवीन प्लाय ठोकून घेतला.

एका बाजूला गरम, एका बाजूला गार, असं घर त्याला लागतं. गरम बाजूला खाली हीटिंग मॅट आणि ती जास्त तापू नये म्हणून थर्मोस्टॅट. लपायला दोन जागा, दोन्हीकडे एकेक. त्यासाठी पंचवटीतून मातीच्या कुंड्या आणल्या आणि काठाला दार कापून उपड्या घातल्या. कुंड्या विकणारी बाई विचारत होती की कशाला, मी म्हटलं, पाहुण्याला. खाली अंथरायला नर्सरीतून कोकोपीट. चढायला फांदी हवी होती, तर ऑफिसातल्या एकाने त्याच्या मळ्यातलं द्राक्षाच्या वेलीचं जुनं खोड आणून दिलं. काय देखणं खोड होतं, पीळच्या पीळ! मी ते आत लावूनही टाकलं. मग मैत्रिणीने विचारलं की यावर फवारणी झाली असेल ना. नाशिकचं द्राक्ष आणि फवारणी झाली नसेल? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. खोड काढलं आणि सोसायटीतल्या पेरूची फांदी उकळत्या पाण्याने धुऊन लावली.

आई हे सगळं दारातून बघायची. आत यायची नाही. एकदा विचारलं की हे खातं काय. मी उंदीर म्हटलं. ते ठेवणार कुठे, तर फ्रीजमध्ये, बर्फ करून. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मी गॅलरीत ठेवायला एक छोटा जुना फ्रीज घेऊन आले, तेव्हा कुठे तिने पोळ्या लाटल्या.

आणि भोकं. सुताराकडून मी एकेक फट बंद करून घेतली. दोन काचा एकमेकींवरून सरकतात तिथे मध्ये जी फट राहते, त्यात रबराची पट्टी. पाठीमागे सिलिकॉन. काचेला कुलूप. आईने एकदा बॅटरी घेऊन सगळी शोकेस बघितली, तिला एकही फट सापडली नाही. मला वाटलं, जिंकले. पण हवा यायला भोकं लागणारच होती. दोन्ही बाजूंना वरच्या अंगाला बारीक भोकं आणि आतून स्टीलची जाळी, असं सुताराचं आणि माझं ठरलं होतं. आईला मी हे सांगितलं नव्हतं. साप यायच्या दिवशी सकाळी पाडून घेऊ, जाळी बसलेली बघितल्यावर समजावू, असा माझा हिशोब. त्या दिवसाची रजाही टाकली होती.

तो दिवस नागपंचमीचा होता.

आता मला विचारू नका की कळलं कसं नाही. आदल्या दिवशी आईचा भावाचा उपवास होता. भाऊ गेला तरी ती तो उपवास दरवर्षी करते. साबुदाणा तर मीच भिजवला होता. पण डोक्यात फक्त थर्मोस्टॅट. सकाळी सुतार आला, दारातूनच त्याला पाटावर चंदनाने काढलेले नाग दिसले, लाह्या दिसल्या, आणि त्याने मशीनची पिशवी खाली ठेवलीच नाही. आज चिरायचं नाही, कापायचं नाही, खणायचं नाही, भोक तर नाहीच नाही. उद्या येतो म्हणाला आणि गेला. स्वयंपाकघरात आई पुरणाचे दिंड उकडत होती, कारण त्या दिवशी तवाही ठेवत नाहीत. तिला काही कळलं नाही. वडिलांचं ड्रिल मशीन माळ्यावर होतं. पण तिच्या घरात, तिच्या देवापुढे, आजच्या दिवशी ते चालवायची माझी छाती झाली नाही.

दुपारी मैत्रीण आली. तिला मुंबईचं विमान गाठायचं होतं, गाडी खाली चालूच होती. साप प्लॅस्टिकच्या डब्यात होता, त्या डब्याला चहूबाजूंनी भोकं. तिचे डोळे भरून आले होते, पाच मिनिटांत ती गेली. आईने डबा बघितला. ती आत गेली आणि कपाटातून पिशवी काढून लुगडी भरू लागली.

मग मी साप शोकेसमध्ये सोडला. डब्यात ठेवला असता तर आई तेव्हाच निघाली असती. उद्यापर्यंत मी स्वतः समोर बसेन, मधून मधून काच उघडून हवा देईन, असं ठरवलं. साप आधी कुंडीत शिरला, मग बाहेर आला. काचेला तोंड लावून खालून वर गेला, रबराच्या पट्टीवरून खाली आला, कोपऱ्यात थांबला, परत वर. परत परत तेच.

आई पिशवी हातात घेऊन दारात येऊन उभी होती. किती वेळ, मला कळलं नाही. तिने विचारलं, हे असं काय करतंय. मला काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती, पण मी थकले होते. मी सांगितलं की नवीन जागेत ते तसं फट शोधतंच, पण आत हवाही पुरेशी नाही. भोकं आज पाडायची होती, तुला न सांगता, आणि आज नागपंचमी निघाली. उद्या सुतार येईल.

ती म्हणाली, "उद्यापर्यंत?"

तिने पिशवी खाली ठेवली आणि साप आत असताना पहिल्यांदाच शोकेसजवळ आली. हातभर अंतरावर थांबली. मग तिने तिच्या भावाचं सांगितलं. तो रडला नव्हता, त्याला दुखतही नव्हतं. घसा दाटतो म्हणाला आणि तोंड उघडं ठेवून असाच वर बघत राहिला. ती त्याला वारा घालत होती. घरात वारा पुष्कळ होता, त्याला तो घेता येत नव्हता. हे सांगताना तिचा आवाज हलला नाही.

"माळ्यावरचं मशीन काढ," ती म्हणाली.

मी म्हटलं, आई, आज नागपंचमी आहे.

"जिवाला लागू नये म्हणून तो नेम आहे. जीव घुसमटवून कसला नेम करतेस?"

साप परत डब्यात घ्यावा लागणार होता, नाहीतर भुसा त्याच्या अंगावर पडला असता. मी त्याला उचलून डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. झाकणाची एक कडी ढिली होती. आईने ते बघितलं. मशीनच्या आवाजाने बिचकेल, त्याला आतल्या खोलीत ने म्हणाली. मी डबा तिच्या पलंगापाशी ठेवला. ती शेजारी बसली, झाकणावर दोन्ही तळवे दाबून ठेवले आणि डोळे मिटले. खालच्या भोकांतून त्याची जीभ तिच्या पदराजवळ बाहेर येत होती.

हॉलमध्ये येऊन मी पेन्सिलीच्या खुणांवर मशीन टेकवलं, पण दाबवेना. आतून काहीच आवाज येत नव्हता. मी हाक मारली, आई, आहेस ना गं?

"पाड तू," ती म्हणाली. "मी आठेच शे."